पाणी का सुटतं? पेशीपटलावरच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

विषय आज मॅडमनी मान्य केला: पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, आणि त्यातून होणारी ये-जा. टी.वाय. बॉटनीच्या आमच्या वर्गात बहुतेकांनी औषधी वनस्पती घेतल्या आहेत. मला विषय मिळाला तो आईच्या स्वयंपाकघरात. काकडी चोचवून ठेवली की आई दरवेळी बजावते, "मीठ आयत्या वेळी घाल गं, नाहीतर पाणी सुटेल." हे वाक्य लहानपणापासून ऐकते आहे. काकडी कोरडी दिसते, मीठ लावलं की दहा मिनिटांत ताटलीत पाणी साचतं. ते पाणी कुठल्या वाटेने बाहेर येतं आणि आधी का येत नाही, हे मला स्वतःच्या हाताने करून बघायचं आहे.

व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच विरघळवून ते पाण्यात फुगवायचा प्रयोग मी सुचवला होता. मॅडम म्हणाल्या, "कवचाखालचा पापुद्रा हे पेशीपटल आहे का, ते आधी बघ." बघितलं. तो प्रथिनांच्या तंतूंचा विणलेला पापुद्रा असतो, दोन थरांचा. पेशीपटलाशी त्याचा संबंध नाही. परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं दाट द्रावणाकडे जाणं, त्यातूनही दिसतं, पण माझा प्रश्न पेशीपटलाचा आहे, म्हणून अंडं बाद. कित्येक प्रदर्शनांत हेच अंडं पेशी म्हणून मांडलेलं मी पाहिलं आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर वाचनालयात. पेशीपटलाची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर. वहीचं पान ०.१ मिलिमीटर जाडीचं धरलं तर तेवढ्या जाडीत अशी तेरा हजारांच्या वर पटलं एकावर एक मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला हे दिसणं शक्य नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी न दिसणाऱ्या गोष्टीची रचना डोक्याने शोधून काढली.

अर्न्स्ट ओव्हर्टनने १८९०च्या दशकात शेकडो पदार्थ पेशींवर घालून पाहिले. मेदात सहज विरघळणारे पदार्थ आत पटकन शिरत होते, साखरेसारखे मात्र बाहेर अडत होते. त्यावरून त्याने ताडलं की पेशीभोवतीचं आवरण मेदासारखं असणार. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. निवड मोठ्या विचाराची होती. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं आणि आत दुसरी पटलंही नसतात, त्यामुळे जे मेद निघेल ते बाहेरच्या आवरणाचंच. ॲसिटोनने ते काढून त्यांनी पाण्यावर एका रेणूच्या थरात पसरलं. क्षेत्रफळ भरलं पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट. म्हणजे आवरण दोन थरांचं!

पुढे लक्षात आलं की ॲसिटोनने सगळं मेद निघालेलंच नव्हतं, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. एक चूक इकडची, एक तिकडची, दोन्ही फिटल्या आणि उत्तर बरोबर आलं. मी हे दोनदा वाचलं. उत्तर बरोबर आलं म्हणजे पद्धत बरोबर होती असं समजायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

दोन थर का, ते कळायला सोपं आहे. पटलातलं मेद म्हणजे फॉस्फोलिपिड. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याशी जमवून घेतं, दोन शेपट्यांना पाणी चालत नाही. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. मग शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे वळतात आणि डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे राहतात. कुणी बांधावं लागत नाही, पाण्यात टाकले की रेणू आपणहून असे लागतात.

९ डिसेंबर, सोमवार

बीट. आठवडी बाजारातून ताजं, पानांसकट आणलं. बीटचा लाल रंग पेशीच्या आत रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत असतो. बाहेर यायचं तर त्याला आधी रिक्तिकेचं पटल आणि मग पेशीचं पटल, अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. पाणी लाल झालं की पटलं फुटली, असा हिशोब.

कॉर्क बोअररने १ सेंटिमीटर व्यासाच्या कांड्या काढल्या, ब्लेडने ३ मिलिमीटरच्या चकत्या केल्या. प्रत्येक परीक्षानळीत ५ चकत्या, १० मिली पाणी, आणि नळीगणिक वेगळं तापमान, पटल कधी फुटतं ते बघायला. पण ३० अंशाची नळीसुद्धा पाच मिनिटांत गुलाबी झाली.

चूक माझी. ब्लेडने ज्या पेशी कापल्या गेल्या त्यांचा रंग आधी धुऊन काढायला हवा होता. आजचे सगळे आकडे एका रेघेने खोडले.

१२ डिसेंबर, गुरुवार

चकत्या रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी नळाखाली धुतल्या. प्रयोगशाळेतले मामा येऊन उभे राहिले. तीस वर्षं ते मुलांचे प्रयोग बघत आहेत. म्हणाले, "पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं. घाई करणाऱ्यांचा बीट नेहमी खोटं बोलतो." तब्बल वीस मिनिटं धुतल्या.

मग प्रत्येक गट ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात १ मिनिट, तिथून काढून साध्या पाण्यात २० मिनिटं. चकत्या काढून पाण्याचा रंग किती गडद त्याचं माप कलरीमीटरवर, हिरवा फिल्टर, ५४० नॅनोमीटर. तीन वेळा केलेल्या मापांची सरासरी:

३० अंश: ०.०३
४० अंश: ०.०४
५० अंश: ०.१०
६० अंश: ०.४६
७० अंश: ०.८१

चाळीसपर्यंत जवळजवळ काहीच नाही. पन्नासनंतर एकदम बांध फुटल्यासारखं. मला वाटलं होतं चढ सरळ रेषेत येईल, जेवढी उष्णता तेवढा रंग. तसं झालं नाही, कारण उष्णतेने मेदाचे थर सैल होतात तशी पटलातली प्रथिनंही आपला आकार सोडतात, आणि त्यानंतर पटल पटल राहत नाही.

संध्याकाळी घरी पाच चकत्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी वाटीत पाणी घालून त्यात सोडल्या. ढवळायची गरज पडली नाही. प्रत्येक चकतीच्या कडेने लाल धागे खाली उतरू लागले, वाटीच्या तळाशी पसरले, आणि दहा मिनिटांत पाणी इतकं गडद झालं की तळ दिसेना. चकती हातात घेतली तर लिबलिबीत. बर्फाच्या स्फटिकांनी पटलं भोसकली होती. उष्णता काय, बर्फ काय, पटल गेलं की रंग धरून ठेवणारं कुणी उरत नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात चांगला.

प्रयोगशाळेच्या दाराशी मामांनी लावलेली र्‍हिओची कुंडी आहे. पान वरून हिरवं, खालून जांभळं. खालचा पापुद्रा चिमट्याने सोलला, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी, काठोकाठ भरलेल्या. मग एका कडेने १० टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून आधीचं पाणी ओढून घेतलं.

दोन मिनिटं काहीच नाही. मग एका पेशीच्या कोपऱ्यात जांभळा रंग भिंतीपासून सुटला. शेजारच्या पेशीत दोन कोपरे सुटले. बघता बघता प्रत्येक पेशीत जांभळा गोळा आक्रसून मधोमध आला, आणि पेशीभित्तिका मात्र होती तिथेच. हाच रससंकोच. मला सगळ्यात जास्त पटलं ते हे, की गोळा लहान होत गेला तसा रंग गडद होत गेला. पाणी निघालं, रंग राहिला. पटलाने पाण्याला जाऊ दिलं आणि रंगद्रव्याला अडवलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

गोळा आणि भिंत यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय असतं, हा व्हायव्हाचा ठरलेला प्रश्न. बरेच जण "हवा" म्हणतात. तिथे मिठाचं पाणी असतं. सेल्युलोजची भिंत मिठाला अडवत नाही, निवड करतं ते तिच्या आतलं पटल.

मग पापुद्र्याला पुन्हा साधं पाणी दिलं. गोळे फुगत फुगत भिंतीला जाऊन टेकले. ज्या पेशी टेकल्या त्या जिवंत होत्या.

पडताळणीसाठी दुसरा पापुद्रा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरला. मिठाचं पाणी घातलं तरी एकाही पेशीत गोळा झाला नाही. जांभळा रंग सगळीकडे फिकट पसरला होता. मेलेल्या पेशीत रससंकोच होत नाही, कारण निवड करायला पटलच शिल्लक नाही. मामांनाही नेत्रिकेतून दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, "रोप माझं, आणि मी आज पहिल्यांदा बघतोय."

२८ डिसेंबर, शनिवार

बटाटा. सातगाव पठाराच्या बटाट्याचा एक कट्टा मामेभावाकडून आला होता, त्यातले एकसारखे निवडले. साखरेची सात द्रावणं: ०, ०.१, ०.२ असं करत ०.६ मोलरपर्यंत. ०.१ मोलर म्हणजे लिटरला ३४.२ ग्रॅम साखर. प्रत्येकात बटाट्याच्या तीन कांड्या, वजन करून रात्रभर.

वजन करताना एक गोष्ट सांभाळावी लागली. कांडी टिपायची कशी? जोरात दाबली तर आतलंही पाणी निघतं, हलकी टिपली तर वरचं राहतं. शेवटी ठरवलं: टिपकागदावर चारही बाजूंनी एकदा लोळवायची, दाबायची नाही. हे सगळ्यांना सारखं.

वजनातला फरक, टक्क्यांत: ०ला +१७, ०.१ला +१०, ०.२ला +४, ०.३ला −३, ०.४ला −१०, ०.५ला −१७, ०.६ला −२१. आलेखाची रेघ शून्याला ०.२६ मोलरच्या आसपास कापते. त्या द्रावणात बटाटा पाणी घेतही नाही, देतही नाही. खोलीत २० अंश तापमान होतं, त्यावरून गणित केलं तर बटाट्याची पाण्याची ओढ साधारण ६.३ बार निघते. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो. त्याच्या जवळजवळ तिप्पट ओढ एका बटाट्यात! गणित तीनदा तपासलं.

साध्या पाण्यातली कांडी ताठ होती, वाकवली तर कट् आवाज करून मोडली. ०.६मधली बोटाभोवती गुंडाळता आली. आईची काकडी दोन्ही टोकांना माझ्या हातात होती.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

एक प्रश्न मागे राहिला होता. पटल आतून मेदाचं, मेदाला पाणी चालत नाही, मग पाणी इतक्या झपाट्याने जातं कसं?

थोडं पाणी मेदाच्या थरातून झिरपतं. पण मूत्रपिंडासारख्या ठिकाणी, तांबड्या पेशीत ते फार जलद जातं, त्याला वेगळं दार असणार अशी शंका जुनी होती. पीटर एग्री रक्तगटाच्या ऱ्हीसस प्रथिनाच्या शोधात होते. त्यांना मधेच एक अनोळखी प्रथिन सापडलं. १९९२ साली त्यांच्या गटाने ते प्रथिन बनवायची सूचना (आरएनए) बेडकाच्या अंडपेशीत घातली आणि ती पेशी पातळ द्रावणात सोडली. ज्या पेशीला सूचना मिळाली ती फुगली आणि फुटली, जिला नाही मिळाली ती तशीच राहिली. हे अॅक्वापोरिन, पाण्याचं दार. एका दारातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू एका रांगेत जातात, आणि तरी प्रोटॉन शिरत नाही. एग्री यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत मिळालं.

सिंगर आणि निकोल्सन यांचं पेशीपटलाच्या रचनेचं १९७२चं प्रारूप आता नीट कळतं. मेदाच्या दोन थरांत प्रथिनं रुतलेली, आणि सगळंच वाहतं. त्याआधी १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी जोडून दोघांच्या प्रथिनांना वेगवेगळे रंग दिले होते. ३७ अंशाला चाळीस मिनिटांत रंग मिसळून गेले. प्रथिनं पटलात पोहत असल्याशिवाय हे झालं नसतं.

आणि पंप. १९५७ साली येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करून सोडियम-पोटॅशियमचा पंप शोधला. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. उताराच्या उलट ढकलायचं तर किंमत मोजावी लागतेच.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मावशी तिळगूळ द्यायला आली. ती आशाताई, म्हणजे गावातली आरोग्यसेविका आहे, तिच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं कायम असतात. माझी वही चाळत तिने विचारलं, "मीठ कशाला ते कळतं. जुलाबात मीठ जातं, ते भरून काढायचं. पण यात साखर कशाला गं? ताकदीला ना?"

मी "हो" म्हणणार होते. मग पाकिटावर छापलेलं वाचलं. लिटरभर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सिट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम. तेरा ग्रॅम साखरेने किती ताकद येणार? मी म्हटलं, "मावशी, दोन दिवस दे मला."

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तर मिळालं, आणि ते माझ्याच विषयात होतं.

आतड्याच्या पेशीच्या पोकळीकडच्या पटलात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन सोबतच आत घेतं. दोघांपैकी एकटा आला तर ते चालत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्राग इथे मांडली. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला स्कोऊंचा पंप सोडियम सारखा बाहेर काढत असतो, म्हणून पेशीत सोडियम कमी राहतं आणि आतड्यातलं सोडियम आत यायला बघतं. दार उघडायला मात्र ग्लुकोज लागतं. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागे परासरणाने पाणी जातं.

पटकीत (कॉलऱ्यात) काय बिघडतं? पटकीच्या जंतूचं विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर दाखवलं. त्या विषाने क्लोराइडचं दार उघडंच राहतं, क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि पाणी. पण ग्लुकोज-सोडियमचं दार शाबूत असतं! एका दाराने पाणी वाहून जात असताना दुसऱ्या दाराने ते आत घेता येतं. निसर्गाने उघडं ठेवलेल्या या दुसऱ्या दारावर लाखो माणसं जगली आहेत. लिहिताना अंगावर काटा आला.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात लिटरमागे ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खायचा सोडा २.५ ग्रॅम अशी पाकिटं करून घेतली, पाण्यात कालवून पिंपांत भरली आणि नातेवाइकांच्या हातांनी रुग्णांना पाजली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजचं पाकीट आणखी सौम्य आहे. जुन्या ओआरएसची परासारिता, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या कणांचं माप, ३११ होती, २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती २४५वर आणली, म्हणजे रक्ताच्या २८५-२९०च्या खाली. तसं असल्याने पाणी आतड्यातून शरीरात जायला बघतं.

इथे माझा बटाटा आठवला. हेच पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर ४९० होईल. पेलाभर, २०० मिली पाण्यात कालवलं तर १२२५. ०.६ मोलर साखरेची परासारिता ढोबळमानाने ६००, आणि त्यात माझ्या कांड्या मलूल पडल्या होत्या. दाट पाणी पाजलं तर ते बाळाच्याच शरीरातलं पाणी आतड्यात ओढेल, शिवाय रक्तात मीठ जास्त होईल.

संध्याकाळी मावशीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे साखर ही मिठाची सोबतीण. एकटं मीठ दाराशीच राहतं." मग थोडं थांबून, "पण लिटर मोजतात कशाने, ते बघायला ये रविवारी."

१९ जानेवारी, रविवार

मावशीबरोबर तिच्या वाडीतली सहा घरं केली. प्रत्येक घरी एकच विचारलं: ताई, ओआरएस कालवायला कोणतं भांडं घेता? ते भांडं आणायला सांगून कॉलेजच्या मोजपात्राने पाणी ओतून मापलं.

पितळी तांब्या, गळ्यापर्यंत: ६८० मिली.
स्टीलचा तांब्या: ९२० मिली.
पाण्याची लिटरची बाटली: १ लिटर.
जेवणाचा मोठा पेला: २७० मिली. या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "दाट केलं की लवकर गुण येतो असं वाटायचं."
कळशीतला छोटा लोटा: ५४० मिली.
दुधाची किटली: १ लिटर १०० मिली.

सहातली तीन घरं ठीक होती. पितळी तांब्या, लोटा आणि पेला या तिन्ही घरांत पाणी बरंच कमी पडत होतं. मी परासारिता वगैरे काही सांगितलं नाही. मावशीने सांगितलं, काकडीला मीठ जास्त झालं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तेवढ्यावर भागलं. तिन्ही घरी मोठं पातेलं मागून घेतलं, मोजून लिटर पाणी ओतलं आणि पाण्याच्या रेषेवर वहिनींच्याच लाल नेलपॉलिशने बाहेरून खूण केली. उरलेल्या वीस घरांसाठी मावशीने माझं मोजपात्र ठेवून घेतलं आहे. सोमवारी मामांना सांगून दुसरं घ्यावं लागेल.